एका रात्रीचा मुक्काम
वाटेवरचा खान्देश : भाग ६

मुंबईकडच्या रात्रीच्या गाड्या पहाटे जळगावला लागल्या की पाठीवर भल्यामोठ्या पिशव्या घेतलेली चार-दोन मंडळी उतरतात. स्टेशनबाहेर चहा घेतात आणि गाडीवाल्याला एकच शब्द सांगतात : अजिंठा. साठेक किलोमीटरचा रस्ता. दिवसभर लेणी बघून संध्याकाळी परत येतात आणि रात्रीच्या गाडीने पुढे जातात. कित्येक जण तर परतही येत नाहीत, लेण्यांजवळच्या फर्दापूरहूनच छत्रपती संभाजीनगरकडे वळतात. जळगावच्या पदरात पडतो एक चहा आणि गाडीभाडं.

मागच्या भागात लळिंग, सोनगीर, थाळनेर, भामेर या किल्ल्यांविषयी लिहिलं. त्यावर एकच प्रश्न पुन्हा पुन्हा आला : बघायला एवढं असताना लोक खान्देशात येत का नाहीत? माझं उत्तर असं की लोक येतात, आणि भरपूर येतात. भुसावळ हे देशातल्या मोठ्या जंक्शनांपैकी एक. मुंबईहून दिल्लीला, नागपूरला, हावड्याला जाणाऱ्या कितीतरी गाड्या तिथून जातात. धुळ्यात मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग एकमेकांना छेदतात, सोलापूरचा तिसरा तिथूनच सुटतो. आपल्या दारावरून रोज इतकी माणसं जातात, पण रात्रीला थांबत कुणी नाही.

याला भूगोल कारण आहे. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याची रांग आणि मधून पश्चिमेकडे वाहणारी तापी. असं सपाट खोरं म्हणजे आयता रस्ता. इंग्लंडच्या राजाचा वकील थॉमस रो १६१५ साली सुरतेहून बऱ्हाणपूरला गेला तो याच खोऱ्यातून. त्या काळी तांड्याचे बैल दमायचे, म्हणून गावोगाव मुक्काम पडायचा. रेल्वे आली, पुढे चौपदरी रस्ते आले आणि मुक्कामाची गरजच उरली नाही.

मुक्कामाला मी इतकं महत्त्व का देतो, ते जरा उलगडून सांगतो. दिवसभर येऊन गेलेल्या पाहुण्याचे पैसे गाडीवाला आणि पेट्रोल पंप यांच्यात संपतात. तोच पाहुणा रात्री राहिला तर खोलीभाडं येतं, जेवण येतं, सकाळचा नाश्ता येतो. त्या जेवणासाठी कुणाकडून तरी वांगी घेतली जातात, कुणाकडून तरी दूध. खोली झाडणाऱ्या बाईला काम मिळतं, चादरी धुणाऱ्याला मिळतं. आणि सकाळी उठल्यावर ‘आता काय बघायचं?’ हा प्रश्न पाहुण्याला आपोआप पडतो. जिल्ह्यातली बाकीची ठिकाणं त्या एका प्रश्नावर जगतील.

आपल्यासारखीच अडचण जगात दुसरीकडेही होती. अमेरिकेत साउथ डकोटा नावाचं गवताळ माळरानाचं, शेतीचं राज्य आहे. तिथल्या वॉल नावाच्या चिमुकल्या गावात टेड हस्टेड या तरुणाने १९३१ साली औषधाचं दुकान विकत घेतलं. मंदीचे दिवस, गिऱ्हाईक नाही. डोंगरात कोरला जाणारा माउंट रशमोर बघायला निघालेल्या मोटारी गावाजवळून धुरळा उडवत निघून जायच्या. १९३६च्या उन्हाळ्यात त्याच्या बायकोला, डोरोथीला, सुचलं की उन्हातून येणाऱ्या या माणसांना पाणी हवं असणार. रस्त्याच्या कडेला पाट्या लावल्या : बर्फाचं थंड पाणी, फुकट. गाड्या थांबायला लागल्या. आज ते दुकान वर्षाला लाखो लोक बघतात.

मला ही हकिगत पहिल्यांदा कळली तेव्हा आपल्याकडच्या पाणपोया आठवल्या. चैत्र-वैशाखात भुसावळला पारा ४५ अंशांपर्यंत चढतो तेव्हा लाल फडक्यात गुंडाळलेले रांजण रस्त्यावर मांडून वाटसरूला पाणी पाजणारी आपली माणसं आहेत. आणि गंमत म्हणजे सालही तेच आहे. डिसेंबर १९३६मध्ये यावल तालुक्यातल्या फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं. नेहरू अध्यक्ष, गांधीजी हजर. नंदलाल बोस यांनी बांबू आणि चटया अशा गावच्याच सामानातून सारा मंडप सजवला. एवढ्या अफाट गर्दीची राहण्या-जेवण्याची सोय शेतकऱ्यांच्या मुलखाने केली. पाहुण्याला ठेवून घेणं आपल्याला नवं नाही. पाटी लावायचं तेवढं राहून गेलं.

मग पाटीवर काय लिहायचं? माझ्या मते, भरीत.

हसू नका, मी पुरत्या गांभीर्याने सांगतोय. जळगावच्या भरताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन आहे, केळीलाही आहे. थंडी पडली की शेताशेतात भरीत पार्ट्या सुरू होतात. हिरवट, पांढऱ्या रेघांची मोठाली वांगी कपाशीच्या वाळलेल्या काड्यांच्या जाळावर टाकतात. साल करपते, आतला गर लोण्यासारखा होतो. तो लाकडी भांड्यात ठेचायचा, हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात घालून तेलात परतायचा आणि केळीच्या पानावर कळण्याच्या पुरीबरोबर वाढायचा. सोबत कच्चा कांदा आणि मुळा. जाळ विझत आलेला, अंगावर घोंगडी, पलीकडे केळीच्या बागेत पाणी सोडल्याचा आवाज. शहरातल्या माणसाला हे कुठल्या हॉटेलात मिळणार? आणि याची खरी खुबी अशी की हे संध्याकाळी सुरू होतं आणि रात्री उशिरा संपतं. जेवून कुणी प्रवासाला निघूच शकत नाही.

अशा संध्याकाळींना धंद्याचं रूप देता येतं. राज्य सरकारचं कृषी पर्यटन धोरण २०२० साली आलं. शेतकऱ्याला पर्यटन संचालनालयाकडे आपलं केंद्र रीतसर नोंदवता येतं. पुणे जिल्ह्यात अशी केंद्रं पुष्कळ झाली. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात ती कितीतरी अधिक व्हायला हवीत, कारण केळीचा भाव पडला की वर्षभराचं गणित कोसळतं आणि त्या वेळी दोन खोल्यांचं भाडं घराला आधार देतं. नोंदणी, संडास-बाथरूम, स्वच्छ पाणी, रात्री दिवा आणि घरातल्या बायकांचा स्वयंपाक. एवढ्याने सुरुवात होते. काँक्रीटचे हत्ती आणि रंगीत कारंजी करायची गरज नाही. ज्यांनी केली त्यांनी पैसे घातले आणि पाहुणा मात्र पाठ फिरवून गेला, कारण ते सगळं त्याच्या शहरात होतंच.

अजिंठा आपल्या जिल्ह्यात नाही, हे रडगाणं मी लहानपणापासून ऐकतोय. सरकारी नकाशावर लेणी पलीकडच्या जिल्ह्यात आहेत हे खरं. पण ज्या वाघूर नदीने तो घोड्याच्या नालासारखा कडा कोरला, ती तिथून उत्तरेला उतरून आपल्याकडे येते आणि तापीला मिळते. वाघूर धरणाचं पाणी जळगाव शहर पितं. आणि अजिंठ्याचे रंग आयुष्यभर कागदावर उतरवण्यासाठी झटणारा मेजर रॉबर्ट गिल १८७९ साली वारला, तो भुसावळच्या मातीत चिरनिद्रा घेतोय. त्याने काढलेल्या बहुतेक प्रतिकृती १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत गेल्या. लेणी बघून भारावलेल्या माणसाला ही गोष्ट सांगा, तो भुसावळला उतरेल. ती सांगायला माणूस मात्र हवा. गाडी चालवणाऱ्या पोरांना आठ दिवस बसवून या गोष्टी शिकवल्या, थोडं इंग्रजी आणि हिंदी शिकवलं, तर लाख रुपयांच्या जाहिरातीचं काम ती पोरं करतील. जुन्या जळगावातला बहिणाबाईंचा चौधरी वाडा, आसोदा हे त्यांचं माहेर, जैन हिल्सवरचं २०१२ साली सुरू झालेलं गांधीतीर्थ, तापी-पूर्णेच्या संगमावरचं चांगदेवाचं देऊळ, एरंडोलजवळच्या पद्मालयातले डाव्या आणि उजव्या सोंडेचे दोन गणपती, या प्रत्येकामागे सांगण्यासारखं आहे.

धुळ्याचा प्रश्न थोडा वेगळा. इथे पाहुणा हायवेवर असतो आणि त्याच्या डोक्यात इंदूर नाहीतर सुरत असतं. पण लळिंगचा किल्ला हायवेवरूनच दिसतो. फारुकी सुलतानांच्या सुरुवातीच्या काळातलं हे ठाणं, पायथ्याला कुरण, कुरणात लांडोर बंगला. तिथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर राहिले होते, त्याची आठवण म्हणून दर ३१ जुलैला मोठा मेळा जमतो. शहरात इतिहासाचार्य राजवाडे यांच्या नावाचं संशोधन मंडळ आहे आणि समर्थ वाग्देवता मंदिर आहे. शंकरराव देवांनी गावोगाव फिरून गोळा केलेली रामदासी बाडं तिथे जपली आहेत. ज्याला जुन्या हस्तलिखितांचं वेड आहे तो माणूस एका दिवसात इथून हलणार नाही. अशी माणसं संख्येने थोडी असतात, पण ती थांबतात, परत येतात आणि दुसऱ्यांना घेऊन येतात.

आणि साक्री तालुक्यात बारीपाडा आहे. डोंगरातला छोटा आदिवासी पाडा. बोडके झालेले डोंगर चैतराम पवार आणि गावकऱ्यांनी १९९०च्या दशकापासून राखले, कुऱ्हाडबंदी केली, चराईबंदी केली, पाणी अडवलं. जंगल परत आलं. २०२५ साली चैतराम पवारांना पद्मश्री मिळाली. दर वर्षी इथे वनभाज्यांची पाककला स्पर्धा भरते, गावच्या बाया रानातल्या भाज्या रांधतात आणि बाहेरून शेकडो माणसं चाखायला येतात. पर्यटन वाढवू म्हणून यांनी काही केलं नव्हतं. आपलं रान जपलं, आणि माणसं ते बघायला आली. मला हा क्रम फार महत्त्वाचा वाटतो. आधी रस्ता रुंद करून, टपऱ्या बसवून, मग झाडं लावू म्हणणाऱ्यांनी एकदा बारीपाड्याला जाऊन यावं.

आता अडचणींचंही बोललं पाहिजे. काही वर्षांपूर्वी पुण्याच्या ओळखीच्या एका कुटुंबाला मी आमच्याकडचं एक जुनं देऊळ दाखवायला नेलं. शेवटचे पाच किलोमीटर रस्ता विचारत गेलो, पाटी कुठेच नव्हती. गाभाऱ्याला कुलूप, किल्ली असलेला माणूस लग्नाला गेलेला. सोबतच्या बायकांना स्वच्छतागृह नव्हतं, त्यांनी त्या भीतीने सकाळपासून पाणीच प्यायलं नव्हतं. ती गोष्ट मला अजून टोचते. ज्या मुलखात पाणी पाजणं पुण्य मानतात, तिथे माझे पाहुणे तहानलेले परतले. पर्यटनाच्या बैठकीत रोप-वेवर बोलण्याआधी यावर बोललं गेलं पाहिजे. उन्हाळ्याचंही तसंच. एप्रिल-मे आपला नाही हे मोकळेपणाने सांगून टाकावं. जुलै ते फेब्रुवारी आपला : पावसात सातपुड्यातली मनुदेवी आणि पाल, श्रावणात कानबाईचे रोट, हिवाळ्यात भरीत. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तेवढा अपवाद. त्या दिवशी खापरावरचे मांडे आणि आमरस खायला उन्हातही यावं.

सप्टेंबर २०२४मध्ये केंद्राने मनमाड-इंदूर या ३०९ किलोमीटरच्या नव्या रेल्वेमार्गाला मंजुरी दिली. तो धुळ्यावरून जाणार आहे. आनंद आहेच, पण जाणाऱ्यांची आणखी एक वाट आपल्या दारावरून जाणार, हे आत्ताच ध्यानात घ्यायला हवं. आजवर धुळ्याला चाळीसगावहून येणारा एक फाटा होता.

चाळीसगावबद्दल शेवटी मुद्दाम लिहितोय, कारण एक रात्र थांबवण्याची सगळ्यात मोठी ताकद मला तिथे दिसते. मुंबईहून थेट गाडी आहे. गावापासून जवळच गौताळा अभयारण्याच्या कुशीत पाटणादेवी. पावसाळ्यानंतर तो सगळा कडा ओलाचिंब हिरवा असतो. लीलावती लिहिणाऱ्या भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी इथे मठ काढला. तसं सांगणारा शके ११२८चा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. आठशे वर्षांपूर्वी या रानात मुलं गणित शिकत होती. इथूनच वर चढत गेलं की पितळखोऱ्याची लेणी, अजिंठ्याच्या सर्वांत जुन्या लेण्यांच्या बरोबरीची. आज शाळांच्या सहली देवीचं दर्शन घेऊन डबे खाऊन परततात. त्या मुलांना तिथे एक रात्र ठेवून आकाश दाखवावं आणि भास्कराचार्यांचं एखादं कोडं घालावं, असं मला फार वाटतं.

आणि स्टेशनपासून जवळच केकी मूस यांचं घर. १९१२चा जन्म, पारशी कुटुंब, विलायतेला छायाचित्रण शिकून परतलेला हा कलावंत चाळीसगावच्या घरात जवळपास स्वतःला कोंडून घेऊन जगला. टेबलावर साध्या वस्तू मांडून त्याने टिपलेल्या चित्रांना देशोदेशी बक्षिसं मिळाली. १९८९मध्ये तो गेला, घर कलादालन म्हणून उभं आहे. चाळीसगावात सांगतात की त्याची प्रेयसी मेलने येईन म्हणाली होती. गाडीच्या वेळेला तो रोज दार उघडायचा, दोन माणसांचं ताट वाढायचा.

अजिंठा सोमवारी बंद असतं, वेरूळ मंगळवारी. रविवारी वेरूळ पाहून झालेल्या माणसाचा सोमवार मोकळा पडतो. त्याने रविवारी रात्री रावेरकडच्या एखाद्या मळ्यात भरीत खावं, किंवा चाळीसगावला येऊन राहावं आणि सोमवारी उजाडता उजाडता पाटणादेवीची वाट धरावी. दरवाजात उभ्या असलेल्या म्हाताऱ्या आजी त्याला ‘या, बठा’ म्हणतील. ही अहिराणी आहे. पुढच्या आठवड्यात तिच्याविषयी.