परसदारची आगगाडी

११ ऑगस्ट १९६८ रोजी ब्रिटिश रेल्वेने मुख्य मार्गावरची आपली वाफेची शेवटची प्रवासी गाडी सोडली. लिव्हरपूलहून मँचेस्टरमार्गे कार्लाइलला जायचे आणि परत यायचे, तिकीट पंधरा गिनी. त्या काळात ही रक्कम काही लहानसहान नव्हती, म्हणून गाडीचे नावच ‘फिफ्टीन गिनी स्पेशल’ पडले. तिला पाहायला रुळांच्या कडेने ठिकठिकाणी माणसे लोटली होती. दुसऱ्या दिवसापासून वाफेच्या इंजिनांना मुख्य मार्गावर बंदी आली. ज्या देशाने जगाला आगगाडी दिली, त्याने आपल्या हाताने ते प्रकरण मिटवून टाकले. आपणही पुढे तेच केले. चित्तरंजनच्या कारखान्यातून वाफेचे शेवटचे इंजिन १९७२ साली बाहेर पडले आणि १९९५मध्ये ब्रॉडगेजवरची वाफ थांबली.

सरकारदरबारी विषय संपला. पण परसदारी तो संपलेला नव्हता. इंग्लंडात घरामागच्या बागेत लाकडाची एक खोपटीवजा शेड असते. त्या शेडमध्ये रात्री जेवणे उरकल्यावर लेथचा आवाज येतो, पितळेचा कीस जमिनीवर पडतो आणि कुणी बँकेतला कारकून, कुणी शाळामास्तर, कुणी दातांचा डॉक्टर आगगाडीचे इंजिन तयार करत असतो. खोटे नव्हे, खरे. कोळसा घातला, पाणी भरले की वाफ धरणारे आणि मागच्या डब्यावर चार माणसे बसवली तर त्यांना ओढत नेणारे. रुळांची रुंदी मात्र साडेतीन इंच किंवा पाच इंच.

आपल्याकडे आगगाडीचे मॉडेल म्हटले, की पुण्यातले जोशींचे लघुरेल्वे संग्रहालय आठवते. १९९८मध्ये सुरू झालेल्या या संग्रहालयात मुलांना घेऊन गेलेले वाचक पुष्कळ असतील. तिथल्या गाड्या विजेवर धावतात आणि खरी गंमत त्या छोट्या शहराची, सिग्नलांची, घाटांची आहे. आज ज्यांच्याविषयी लिहायचे आहे, त्यांचे वेड निराळे. त्यांना ‘लाइव्ह स्टीम’ म्हणजे जिवंत वाफ हवी असते. भोवतालचे गाव नसले तरी चालेल, पण इंजिनाच्या पोटात आग पाहिजे.

ही मंडळी मुळात एका नियतकालिकाची लेकरे आहेत. १८९८ साली पर्सिव्हल मार्शल यांनी लंडनमध्ये ‘मॉडेल इंजिनिअर’ सुरू केले. घरच्या घरी यंत्रे बनवू पाहणाऱ्यांना त्यातून नकाशे मिळू लागले, सल्ले मिळू लागले आणि मुख्य म्हणजे आपल्यासारखे वेडे आणखीही आहेत हा दिलासा मिळाला. या नियतकालिकाचा सर्वांत गाजलेला लेखक ‘एल.बी.एस.सी.’ एवढ्या चार अक्षरांनी सही करत असे. ही अक्षरे ‘लंडन, ब्रायटन अँड साउथ कोस्ट’ या रेल्वे कंपनीची; तरुणपणी गृहस्थांनी तिथे नोकरी केली होती. नाव लिलियन लॉरेन्स, मित्रमंडळीत ‘कर्ली’. १८८३चा जन्म, १९६७ साली मृत्यू. लिलियन हे बाईचे नाव या गृहस्थांकडे कसे आले, ही एक वेगळीच कहाणी आहे. तिच्यात आज शिरत नाही.

या कर्लींनी विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात एक मोठा वाद ओढवून घेतला. तोवरची समजूत अशी, की इतक्या लहान इंजिनात कोळसा नीट जळणारच नाही. छोटी इंजिने स्पिरिटच्या दिव्यावर चालवावीत, गोल रुळांवर फिरवावीत आणि कौतुक करावे, असे मॉडेलच्या व्यापारातले नामवंत लोक सांगत. कर्लींचे म्हणणे, बॉयलर खऱ्या इंजिनासारखा करा, कोळसा जळेल आणि माणूसही ओढला जाईल. हा वाद ‘बॉयलरांची लढाई’ म्हणून प्रसिद्ध आहे. तोंडाच्या वाफा दोन्ही बाजूंनी बऱ्याच दवडल्या गेल्या, पण निकाल लावला तो खऱ्या वाफेने. कर्लींनी आपले ‘आयेशा’ नावाचे इंजिन लोकांसमोर चालवून दाखवले. रुळांची रुंदी फक्त अडीच इंच, म्हणजे आपली तीन-चार बोटे. त्या इंजिनाने कोळशावर भरल्या अंगाची माणसे ओढली, आणि वाद तिथेच मिटला म्हणायचा.

त्यानंतर चाळीसएक वर्षे ते लिहीत राहिले. शेजारच्या बाकावर उभे राहून गप्पा माराव्यात तसे ते लिहीत. वाचकाकडे एक साधा लेथ आहे, खिशात बेताचे पैसे आहेत आणि त्याने आयुष्यात कधी धातूला हात लावलेला नाही, असे धरून चालायचे. नवशिक्यांसाठी त्यांनी ‘टिच’ नावाचे चार चाकांचे, साडेतीन इंची रुळांचे बुटके इंजिन रचले. मांजराएवढे ते इंजिन किती घरांत जन्मले असेल, त्याची गणती नाही.

आता मुद्द्याकडे वळू. मोठ्या इंजिनाचा नकाशा घ्यावा, प्रत्येक मापाला सोळाने भागावे, की झाले साडेतीन इंची इंजिन, असे आपल्याला वाटते. बाहेरून दिसायला तसे होईलही. पण लांबी सोळाव्या हिश्श्यावर आली, की पृष्ठभाग २५६वा हिस्सा होतो आणि आकारमान ४०९६वा. शंभर टनांचे इंजिन तंतोतंत लहान केले, तर ते जेमतेम चोवीस-पंचवीस किलो भरेल. पोटातल्या पाण्याच्या मानाने त्याची कातडी सोळापट मोठी, म्हणून उष्णता भराभर निसटते. वाफ सिलिंडरमध्ये शिरताच थंड होऊन तिचे पुन्हा पाणी होऊ पाहते. मोठ्या बॉयलरमध्ये दीडशे-दोनशे नळ्या असतात. त्या सोळाने भागल्या तर उदबत्तीच्या काडीहून किंचित जाड होतील आणि पहिल्याच आगीत काजळीने तुंबतील. आग, पाणी आणि काजळी यांना सोळाने भागता येत नाही, ही या उद्योगातली खरी अडचण.

मग करायचे काय? नळ्या थोड्या ठेवायच्या, पण जाड. त्याचेही गणित आहे. सी. एम. केलर यांनी घालून दिलेल्या नियमानुसार नळीची लांबी इंचांत घ्यावी, तिला आतल्या व्यासाच्या वर्गाने भागावे आणि उत्तर पन्नास ते सत्तर यांच्या दरम्यान यावे. नकाशाची हुबेहूब नक्कल करणारा इथे फसतो. ज्याने मोठे इंजिन का चालते हे समजून घेतले आहे, तोच तरतो. मला या छंदात सर्वांत भावते ते हे. दिसायला हे नक्कल करण्याचे काम, आणि नकलेने ते होत मात्र नाही.

कामाला सुरुवात होते ती सांगाड्यापासून. पोलादाच्या दोन पट्ट्या, त्यांत आसांच्या खाचा. चाकांची ओतकामे विकत मिळतात, ती लेथवर कातायची. इथेच पहिली परीक्षा असते. वाफेच्या इंजिनाला दोन्ही बाजूंनी दट्ट्ये. एका बाजूचा दट्ट्या अगदी टोकाला पोहोचला, की त्या क्षणी तो चाकाला ढकलू शकत नाही. म्हणून दोन्ही बाजूंचे भुज एकमेकांशी नव्वद अंशांत बसवतात. एक अडला की दुसरा भर जोरात असतो. नव्वदच्या जागी एकोणनव्वद झाले तरी एकवेळ निभावते, पण एका आसावर जे होईल ते सगळ्या आसांवर अगदी तेच व्हायला हवे. नाहीतर चाकांना जोडणारे दांडे एकमेकांशी भांडू लागतात आणि इंजिन लंगडत चालते. मग सिलिंडर, दट्ट्ये, वाफ आत-बाहेर सोडणाऱ्या झडपा. हे सारे जुळले, की सायकलच्या पंपाने किंवा कॉम्प्रेसरने हवा सोडून पाहतात. चाके हलतात, घरची मंडळी बोलावली जातात, टाळ्या वाजतात. एव्हाना दोन-तीन वर्षे उलटलेली असतात आणि बॉयलरचा पत्ता नसतो.

बॉयलर तांब्याचा करतात. तांबे गंजत नाही, उष्णता झटकन पुढे देते आणि हाताने घडवता येते. ज्यांनी पुण्याच्या तांबटआळीत ठोक्यांचा आवाज ऐकला आहे, त्यांना पुढचे सांगायला नको. ठोकले की तांबे कडक होते. मग ते लालसर तापवून पाण्यात बुडवायचे, की पुन्हा मऊ. पोलाद असे बुडवले तर कडक होते, तांब्याची तऱ्हा उलटी. बंबाचा तळ घडवणारा तांबट आणि शेडमध्ये लाकडी मोगरीने बॉयलरची कड वळवणारा इंग्रज शाळामास्तर, दोघेही एकच काम करत असतात. अडीच-तीन मिलिमीटर जाडीच्या त्या पत्र्याची कड एका दमात वळत नाही. चार ठोके, तापवणे, बुडवणे, पुन्हा चार ठोके.

जोड चांदीच्या डाखाने देतात. सोनार देतो तोच प्रकार, जोडीला टाकणखार. पण सोनाराचा दागिना चिमटीत मावतो आणि बॉयलर कवेत घ्यावा लागतो. तांबे उष्णता पळवून नेत असल्याने जोडापुरते तापवून चालत नाही. सगळा बॉयलर सहाशे अंशांच्या पुढे न्यावा लागतो. विटांची चूल रचून दोन्ही बाजूंनी गॅसच्या ज्योती सोडतात, आणि दुसरी ज्योत धरायला मदतनीस लागतो. तो बहुधा बायको असते किंवा क्लबातला मित्र. वेळ फार लावला तर टाकणखार जळून जातो आणि डाख पसरतच नाही. घाई केली तर वरून जोड भरल्यासारखा दिसतो आणि आत पोकळ राहतो. शिवाय नवा जोड देताना जुना वितळायची भीती, म्हणून आधीच्या जोडांना जास्त तापमानाला वितळणारा डाख वापरायचा आणि शेवटच्यांना कमी. एवढे होऊन भट्टीच्या पोटातला, बोट जाणार नाही अशा जागेतला एखादा जोड गळत असला तर? पुन्हा चूल पेटवा.

यात केवळ छंदापुरता जीव अडकलेला नाही, हेही सांगायला हवे. आपल्या स्वयंपाकघरातल्या प्रेशर कुकरमध्ये चौरस इंचाला सुमारे पंधरा पौंड दाब असतो आणि तेवढ्यासाठी त्याला शिट्टी असते, सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. या इंजिनांत ऐंशी ते शंभर पौंड असतात. अंगणातल्या रुळांवर इंजिनाच्या मागे पाय सोडून बसायचे असते आणि त्याच्याही मागे बहुधा दुसऱ्यांची मुले बसतात. भट्टीच्या छतावर पाणी नेहमी हवे; ते उतरले आणि छत उघडे पडले, की तांबे मऊ होऊन दबू लागते. पाण्याची पातळी दाखवणारी काचेची नळी इतकी बारीक, की तीही कधी कधी खोटे बोलते. बारीक नळीत पाणी आपल्या आपण वर चढून बसते.

म्हणून क्लबांचा एक शिरस्ता आहे. बॉयलर ज्याने केला, त्याने तो तपासायचा नाही. क्लबाचा परीक्षक येतो. बॉयलर काठोकाठ पाण्याने भरतात, सगळी भोके बंद करतात आणि हातपंपाने दाब चढवतात, नव्या बॉयलरला नेहमीच्या दाबाच्या दुप्पट. हवेने का नाही? दाबलेली हवा म्हणजे ताणलेली स्प्रिंग. बॉयलर फुटला तर तिचे तुकडे अंगावर येतील. पाणी दाबले जात नाही, त्यामुळे जोड सुटला तर फक्त एक चिळकांडी उडते. दुप्पट दाबावर पंप थांबवतात आणि सगळे जण मीटरचा काटा पाहत राहतात. पाच वर्षांचे काम आणि एक काटा. काटा खाली आला नाही, तर पुढे वाफेवर आणखी एक परीक्षा: आग फुरफुरत असतानाही सेफ्टी व्हॉल्व्हने दाब दहा टक्क्यांहून जास्त वर चढू देता कामा नये. मगच प्रमाणपत्र. माणूस कितीही जुना, कितीही जवळचा असो, कागद नाही तर रूळ नाही. एवढ्या हौशी लोकांनी स्वतःवर घालून घेतलेली ही शिस्त पाहिली, की आपल्याकडच्या काही जत्रांतले पाळणे आठवतात आणि पोटात गोळा येतो.

पहिली आग पेटवण्याचा विधी मोठा घरगुती आहे. रॉकेलमध्ये भिजवलेले लोणारी कोळशाचे तुकडे आधी टाकतात. धुराड्यावर विजेचा छोटा पंखा बसवतात, कारण आगीला ओढ देणारी वाफ अजून झालेली नसते. मग दगडी कोळसा, शेंगदाण्याएवढे खडे. दहा-पंधरा मिनिटांत काटा हलतो, पंखा काढून घेतात आणि त्यापुढे इंजिन आपला श्वास आपण घेते. दर ठोक्याला वापरलेली वाफ धुराड्यातून वर फेकली जाते आणि जाताना भट्टीतून हवा ओढते. जितके जोरात पळाल, तितकी आग भडकेल. ही युक्ती मोठ्या इंजिनाची, आणि ती मात्र लहानपणीही तशीच कामाला येते.

एक गोष्ट मात्र लहान होताना फार रुसते. तिचे नाव इंजेक्टर. बॉयलरमधलीच वाफ घ्यायची आणि तिच्या जोरावर त्याच बॉयलरमध्ये बाहेरचे पाणी ढकलायचे! आपणच आपल्याला खांद्यावर उचलून घेण्यासारखे हे वाटते. फ्रान्सच्या आंरी जिफार यांनी १८५८ साली ते करून दाखवले. वाफ पाण्यात विरताना आपला सगळा वेग पाण्याला देते आणि त्या वेगाच्या बळावर पाणी आत घुसते. छोट्या इंजिनात त्याची भोके एक मिलिमीटरहूनही बारीक असतात. एक कण अडकला, पाणी जरा कोमट झाले, की स्वारी थुंकू लागते. म्हणून शहाणा माणूस जोडीला हातपंपही ठेवतो.

आजची स्थिती काय? ज्या मायफर्ड लेथवर इंग्लंडातल्या दोन पिढ्यांनी इंजिने केली, त्याचा नॉटिंगहॅमजवळच्या बीस्टनचा कारखाना २०११ साली बंद झाला. मोठ्या इंजिनाचे म्हणाल, तर हौशी लोकांनी वर्गणी काढून २००८मध्ये ‘टॉर्नेडो’ हे पूर्ण आकाराचे नवे इंजिन रुळांवर आणले, पण त्याचा बॉयलर जर्मनीत मायनिंगेनला करून घ्यावा लागला. आगगाडीच्या माहेरी तो करणारे कोणी उरले नव्हते. तांब्याचे छोटे बॉयलर मात्र शेडमधून अजून निघतात.

सगळी इंजिने पुरी होत नाहीत, हे ओघाने आलेच. दहा वर्षे हे काही या कामात जास्त नव्हेत आणि पुष्कळ जण ते निवृत्तीनंतर हाती घेतात. मग कधीतरी विक्रीच्या यादीत एक ओळ येते: सांगाडा व चाके पूर्ण, सिलिंडर कातलेले, बॉयलर अर्धवट, नकाशांसह. कुणाचे होते ते लिहिलेले नसते. घेणारा पेटी घरी आणतो. वर्तमानपत्रात गुंडाळलेले भाग एकेक करून सोडवतो. दांड्यांवर ठोकलेल्या बारीक खुणा पाहतो, म्हणजे डावा कोणता, उजवा कोणता आणि पुढचा कोणता हे त्याला कळते. नकाशाच्या समासात पेन्सिलीने दुरुस्त केलेले माप सापडते. ते तो मोजून पाहतो आणि बरोबर निघते. बॉयलरचे मात्र कागद नसतात. तो काखेत मारून क्लबात नेतात. परीक्षक टॉर्चने आत पाहतो, जोडांवरून बोट फिरवतो, उरलेले जोड पुरे करून आण म्हणतो, आणि मग पहिल्यापासून सगळे होईल म्हणतो: पाणी, हातपंप, दुप्पट दाब.