रोधक तारेची निवड व साध्या वेटोळ्याची रचना : शेगडीपासून ई-सिगारेटपर्यंत

प्रस्तावना

अंबरनाथची ओळख प्राचीन शिवमंदिराइतकीच उद्योगांशी निगडित आहे. 1923 मध्ये स्वीडिश मॅच कंपनीने स्थापन केलेल्या विम्कोचा काडेपेट्यांचा कारखाना याच गावी होता. पूर्वेकडील आनंदनगर येथे आज मोठी औद्योगिक वसाहत आहे. कारखान्यातील ओव्हन असो वा घरातील शेगडी, विजेचे उष्णतेत रूपांतर करण्याचे काम बहुधा तारेच्या एका वेटोळ्याकडे असते. हीच तार ई-सिगारेट या वस्तूतही असते. भारतात 2019 पासून तिच्यावर बंदी आहे. तरीही घरच्या घरी वेटोळे वळण्याविषयीची परदेशी माहिती तरुणांच्या हाती सहज पडते. त्या माहितीत बहुतेक भर रोधाच्या आकड्यावर असतो. हा आकडा अपुरा का ठरतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

तारेचे द्रव्य

तांब्याची तार विजेला फारसा अडथळा करीत नाही, म्हणून ती तापविण्यास निरुपयोगी. लोखंडी तार तापते, पण हवेत लवकर गंजून झिजते. या अडचणीवर अमेरिकेतील आल्बर्ट मार्श यांनी निकेल व क्रोमियम यांच्या मिश्रधातूचा उपाय शोधला आणि 1906 मध्ये त्याचे पेटंट मिळविले. तोच नायक्रोम. त्याच्या प्रचलित प्रकारात सुमारे 80 टक्के निकेल व 20 टक्के क्रोमियम असते. लोह, क्रोमियम व अॅल्युमिनियम यांचा दुसरा मिश्रधातू स्वीडनमध्ये विकसित झाला व कँथल या नावाने बाजारात आला. काडेपेटीप्रमाणे ही तारही स्वीडनचीच, हा योगायोग अंबरनाथकरांना गमतीचा वाटेल.

दोन्ही तारा टिकतात त्या पृष्ठभागावरील ऑक्साइडच्या पातळ थरामुळे. नायक्रोमवर क्रोमियम ऑक्साइडचा, तर कँथलवर अॅल्युमिनियम ऑक्साइडचा थर जमतो व आतील धातूचे रक्षण करतो. कँथल अधिक तापमान सोसते आणि तिची रोधकताही जास्त असते (सुमारे 1.45 मायक्रोओहम-मीटर, नायक्रोमची सुमारे 1.09). मात्र एकदा लालबुंद झालेली कँथल ठिसूळ बनते. ती पुन्हा वाकवू गेल्यास तुटण्याचा संभव असतो. नायक्रोम वापरानंतरही बऱ्यापैकी लवचीक राहते. दुरुस्तीच्या दृष्टीने हा फरक लहान नाही.

शेगडीचे गणित

230 व्होल्टवर 1000 वॅटची शेगडी हवी असल्यास रोध सुमारे 53 ओहम असावा लागतो. 24 गेजच्या (0.56 मि.मी.) नायक्रोम तारेचा रोध दर मीटरला साधारण 4.4 ओहम, म्हणजे सुमारे 12 मीटर तार लागेल. तापल्यावर रोध चार-पाच टक्क्यांनी वाढतो, तेवढी सूट धरावी. ही तार 5 मि.मी. जाडीच्या सळईवर गुंडाळली, तर जवळजवळ 680 वेढे पडतात. नंतर वेटोळे ताणून वेढे एकमेकांपासून सुटे करतात, अन्यथा शेजारचे वेढे एकमेकांस अधिक तापवितात.

रोध 53 ओहमच ठेवून तार बारीक घेतली तर ती आखूड पुरते, खर्चही कमी होतो. पण तेवढीच उष्णता कमी पृष्ठभागातून बाहेर पडावी लागते व तार जळते. म्हणून दर चौरस सेंटिमीटरला किती वॅट, हा खरा निकष होय. त्यास पृष्ठभार म्हणता येईल. वरील उदाहरणात तो सुमारे 4.8 वॅट येतो.

तुटलेल्या वेटोळ्याची टोके पिळून शेगडी पुन्हा सुरू करण्याची पद्धत सर्वपरिचित आहे. त्यात दहावा भाग तार कमी झाली तर शक्ती 1100 वॅटच्या वर जाते आणि पृष्ठभार सुमारे 23 टक्क्यांनी वाढतो. शिवाय पिळलेला सांधा स्वतंत्रपणे तापतो. असे वेटोळे त्याच जागी पुन्हा तुटते, यात नवल नाही.

ई-सिगारेटचे वेटोळे

साध्या सिगारेटप्रमाणे बाष्प आधी तोंडात घेऊन मग छातीत ओढण्याच्या पद्धतीत लहान शक्ती पुरते. त्यासाठी साधारण 1 ओहमचे वेटोळे वापरतात. 0.32 मि.मी. जाडीच्या कँथल तारेची सुमारे साडेपाच सेंटिमीटर लांबी, म्हणजे अडीच मि.मी. सळईवर सहा वेढे, एवढ्यात ते तयार होते. 3.7 व्होल्टच्या विद्युतघटावर त्यातून 3.7 अँपिअर धारा वाहते व जवळजवळ 14 वॅट शक्ती खर्च होते.

येथे गेजचा घोटाळा ध्यानात घ्यावा. परदेशी माहितीतील 28 गेज अमेरिकन मापाचा असतो, म्हणजे 0.32 मि.मी. आपल्या बाजारात रूढ असलेल्या ब्रिटिश मापात 28 गेजची तार 0.376 मि.मी. भरते. तेवढ्याच लांबीत रोध सुमारे 27 टक्क्यांनी घटतो आणि घटावरील भार वाढतो. मोजमापातही फसगत होते. मल्टिमीटरच्या जोडतारांचा रोध 0.2 ओहम असला तर 53 ओहमच्या शेगडीत तो नगण्य ठरतो, 1 ओहमच्या वेटोळ्यात मात्र वीस टक्क्यांची चूक करतो.

या छोट्या वेटोळ्याचा पृष्ठभार सुमारे 25 वॅट प्रति चौरस सेंटिमीटर येतो, शेगडीच्या पाचपट. तरी ते लाल होत नाही, कारण कापसाच्या वातीतून येणारे द्रव बाष्परूप होताना उष्णता शोषून घेते. त्या द्रवातील प्रोपिलीन ग्लायकॉल 188 अंश सेल्सिअसला, तर ग्लिसरीन 290 अंशांच्या आसपास उकळते. वात ओली असेपर्यंत तापमान या मर्यादेत राहते. ती कोरडी पडताच काही क्षणांत तार तांबूस होते, कापूस करपतो, उरलेल्या द्रवाचे विघटन होऊन फॉर्माल्डिहाइडसारखी घातक द्रव्ये निर्माण होतात. वेढे सहाऐवजी तीन केल्यास पृष्ठभार चौपट होतो आणि धारा 7 अँपिअरच्या पुढे जाते. लहान घटाला ती धोकादायक ठरू शकते.

शेगडीच्या तारेवरील पदार्थ श्वासात जात नाहीत, येथे जातात. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी 2018 मध्ये 56 वापरकर्त्यांची उपकरणे तपासली. वेटोळ्याशी संपर्क येण्यापूर्वीच्या द्रवापेक्षा बाष्पात शिसे, क्रोमियम, निकेल व मँगनीज यांचे प्रमाण अधिक आढळले. तारेची निवड काटेकोर केली तरी हा प्रश्न सुटत नाही, आणि निकोटिनचे व्यसन हा धोका तर तारेशी संबंधितच नाही.

कायद्याची कक्षा

18 सप्टेंबर 2019 च्या अध्यादेशाने व त्यानंतर डिसेंबर 2019 मध्ये झालेल्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण, साठवण व जाहिरात यांस मनाई करण्यात आली. पहिल्या गुन्ह्यास एक वर्षापर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. साठवणुकीस सहा महिने किंवा पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. विशेष म्हणजे उत्पादन व विक्रीवरील बंदी पूर्ण वस्तूपुरती मर्यादित नसून तिच्या सुट्या भागांनाही लागू आहे. नायक्रोम वा कँथलचे रीळ विकणाऱ्या दुकानदारास या कायद्याची अडचण नाही. त्याच रिळातील साडेपाच सेंटिमीटर तार ई-सिगारेटसाठी वळून विकणाऱ्यास मात्र आहे.