रिमोटवरची गुळगुळीत काच

ॲपल टीव्हीसोबत 2015 साली आलेल्या रिमोटच्या वरच्या भागात बाणांच्या बटणांऐवजी स्पर्शाने चालणारी काच होती. टीव्ही पाहताना नजर पडद्यावर असते, रिमोट चालतो तो बोटांच्या अंदाजाने. आणि गुळगुळीत काचेवर बोटांना खूण सापडत नाही. अंधारात तो सहज उलटा धरला जाई. उचलताना अंगठा लागला की पडद्यावर नको ती पट्टी उमटे, जोर पडला तर चालू सिनेमाच थांबे. नाव शोधताना तर हवे ते अक्षर हमखास निसटून पुढे जाई. 2017 मध्ये मेन्यूच्या बटणाभोवती पांढरे कडे आले. ते अगदीच अपुरे होते. खरी सुधारणा 2021 मध्ये झाली: चार दिशांना दाबता येणारे गोल बटण आले आणि सेटिंगमधून स्पर्श बंद करण्याची सोयही.