तबकडीवर नसलेली नावे

ध्वनिमुद्रिकेवर संगीतकाराचे व गायकाचे नाव छापलेले असे. साथीच्या वादकाचे सहसा नसेच. म्हणूनच चिक चॉकोलेट ह्यांच्याविषयी बोलणे मला अगत्याचे वाटते. मूळ नाव आंतोनियो झेवियर वाझ, जन्म १९१६, गोव्यातील हळदोणे येथे, वाद्य ट्रम्पेट. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात त्यांचा जॅझ वाद्यवृंद वाजे. लुई आर्मस्ट्राँगची छाया त्यांच्या वादनावर इतकी गडद, की लोक त्यांना ‘भारताचा आर्मस्ट्राँग’च म्हणत.

रात्री हॉटेल आणि दिवसा चित्रपटाचे ध्वनिमुद्रण, असा कित्येक गोमंतकीय वादकांचा दिनक्रम होता. चर्चच्या शाळांत त्यांना पाश्चात्त्य स्वरलिपी शिकवली जाई. आपले संगीतकार चाल बांधीत व गाऊन दाखवीत; पण मोठ्या वाद्यवृंदाने ती एकदिलाने वाजवायची, तर प्रत्येकाचा भाग कागदावर उतरवावा लागतो. ते काम ह्या मंडळींचे. सी. रामचंद्रांना चिक ह्यांची अशीच साथ लाभली. ‘अलबेला’तील (१९५१) एका नृत्यगीतात तर ते वादकांसह पडद्यावरही दिसतात.

हैदराबादेच्या इराणी हॉटेलांत चहा पिताना ही गाणी मी असंख्य वेळा ऐकली. दोन कडव्यांमधली ती पितळी ललकारी कोणाची, हा प्रश्न मात्र कधी पडला नाही. (मराठीचा प्राध्यापक; लक्ष सारे शब्दांकडे!)

१९६७ साली चिक निवर्तले. पुढे दहा वर्षांनी ‘अमर अकबर अँथनी’तील गाण्यामुळे अँथनी गोन्साल्विस हे नाव घरोघरी पोचले. ते संगीतकार प्यारेलाल ह्यांच्या व्हायोलिनगुरूंचे खरे नाव, हे किती जणांना ठाऊक होते?