९९.९९ टक्क्यांची हमी नेमकी कशाची?

क्लाउड कंपनीने अपटाइमची हमी दिली म्हणजे सेवा बंद पडणार नाही, हा सर्वांत रूढ गैरसमज. प्रत्यक्षात ही हमी म्हणजे बिलाविषयीचा करार असतो. ॲमेझॉनच्या ईसीटू या भाड्याने सर्व्हर देणाऱ्या सेवेची उपलब्धता महिन्याभरात ९९.९९ टक्क्यांखाली गेली, पण ९९ टक्क्यांपर्यंत टिकली, तर बिलात १० टक्के क्रेडिट मिळते. तेही ग्राहकाने मागितले तरच. बुडालेल्या धंद्याची भरपाई त्यात नसते.

हा आकडा प्रत्येक सर्व्हरला लागू होतो, असेही समजले जाते. ९९.९९ टक्के हमी ॲप्लिकेशन एका रीजनच्या, म्हणजे एका भागातील डेटासेंटरांच्या समूहाच्या, किमान दोन झोनमध्ये (एकमेकांपासून वेगळ्या ठेवलेल्या डेटासेंटरांत) चालवणाऱ्यांसाठी आहे. एकट्या सर्व्हरला ९९.५ टक्केच. तीस दिवसांच्या महिन्यात पहिल्या हमीत सुमारे ४.३ मिनिटे बंद राहण्याची मुभा असते, दुसरीत ३ तास ३६ मिनिटे. म्हणजे ॲप्लिकेशन कसे बांधायचे, हे हमीच्या अटीच सांगतात: लॉगिनची माहिती एका सर्व्हरच्या मेमरीत अडकवायची नाही आणि पुढे विनंत्या सर्व्हरांमध्ये वाटून देणारा लोड बॅलन्सर ठेवायचा.

खरी फसगत बेरजेत होते. लॉगिन, डेटाबेस आणि पेमेंट या प्रत्येकी ९९.९ टक्क्यांच्या सेवा एकापाठोपाठ लागत असतील, तर एकूण उपलब्धता ९९.७ टक्क्यांवर येते आणि महिन्याला ४३ ऐवजी सुमारे १३० मिनिटे जातात. म्हणून पावतीचा ईमेल पाठवण्यासारखी कामे रांगेत टाकून नंतर करावीत. प्रत्येक कॉलला टाइमआउट हवाच; नाहीतर एक मंदावलेली सेवा बाकीच्यांनाही अडवून धरते.

९९.५ टक्क्यांच्या दोन प्रती ठेवल्या की कागदावर ९९.९९७५ टक्के मिळतात, पण दोन्हींच्या बिघाडाची कारणे वेगळी असतील तरच. २० ऑक्टोबर २०२५ रोजी ॲमेझॉनच्या उत्तर व्हर्जिनिया रीजनमध्ये डायनॅमोडीबी या डेटाबेस सेवेचा पत्ता सांगणारी डीएनएस नोंद रिकामी झाली. बिघाड संपूर्ण रीजनमधील सेवेचा होता. त्यामुळे तिच्यावर विसंबलेल्या ॲप्लिकेशनना अनेक झोनचा आधार पुरला नाही.

अशा वेळी दुसरे रीजनच उपयोगी पडते. पण पेमेंटच्या ॲप्लिकेशनला ते देशाबाहेर चालत नाही: रिझर्व्ह बँकेच्या २०१८ च्या आदेशानुसार पेमेंटचा डेटा भारतातच साठवावा लागतो. ॲमेझॉनचे मुंबई रीजन २०१६ पासून आहे, हैदराबादचे २०२२ मध्ये आले. त्यानंतर दोन्ही रीजन देशातच ठेवता येऊ लागली. मात्र त्यांच्यात डेटा सहसा काही क्षण मागे राहून पोचतो. मुंबई अचानक बंद पडली, तर शेवटचे काही व्यवहार हैदराबादेत नसतील. ते कसे जुळवायचे, हे ॲप्लिकेशनलाच ठरवावे लागते.