साडेतीन हजार किलोमीटर आणि एक गारगोटी

न्यू ब्रिटन बेटावरच्या तलासियातली ज्वालाकाच, म्हणजे ऑब्सिडियन, थेट बोर्निओतल्या बुकित तेंगकोराकच्या उत्खननात मिळाली. अंतर सुमारे साडेतीन हजार किलोमीटर, तेही समुद्रावरून! हे वाचल्यापासून मुंबईतल्या अश्मयुगीन हत्यारांचं मूळ गाव असंच शोधता येईल का, हा किडा डोक्यात वळवळत होता. जुहूला एक तरुण संशोधक गच्चीवर दगड फोडून तशी हत्यारं घडवते असं कळलं आणि मी तिथे पोचलो.

"काका, आधी गॉगल लावा. छिलका डोळ्यात गेला तर रडायचीही सोय नाही."

मांडीवर चामड्याचा तुकडा, त्यावर मुठीएवढी गारगोटी. ती तिला कॅल्सेडनी म्हणते. उजव्या हातात बसाल्टचा गोटा. आधी ती गारगोटीची कड घासून बोथट करते. पातळ कडेवर घाव घातला तर नुसता चुरा होतो. मग कोन बघते, पुन्हा बघते, आणि फटकन एकच घाव. छिलका ताडपत्रीवर पडतो आणि जळका वास येतो, दिवाळीत टिकल्या फोडल्यावर येतो तसला. ती घावाखालचा फुगवटा दाखवत होती, माझं नाक मात्र वासातच अडकलं होतं.

ज्वालाकाचेचं काम त्या मानाने सोपं. एका उद्रेकातली काच बहुधा सगळीकडे सारखी असते, आणि तिच्यातलं रुबिडियम, स्ट्रॉन्शियम, झिर्कोनियमचं प्रमाण ज्वालामुखीगणिक बदलतं. हातात मावणारं क्ष-किरण यंत्र तुकड्यावर धरायचं, आकडे माहितीतल्या उगमांशी ताडून बघायचे. लापिता भांडी घडवणारे दर्यावर्दी सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी ही काच किती दूर घेऊन गेले, ते अशाच मोजमापांतून कळलं.

"साडेतीन हजार किलोमीटर," मी पुन्हा म्हणालो.

"हो, पण तुकडा एकाच होडीतून गेला की बेटाबेटावर हात बदलत गेला, ते यंत्र कुठे सांगतं?"

मुंबईत तर यंत्राचं फारसं चालतच नाही. के. आर. यू. टॉड यांनी 1939 मध्ये इथल्या पुराश्मयुगीन हत्यारांवर लिहिलं आणि 1950 मध्ये 'एन्शंट इंडिया'त सूक्ष्मास्त्रांवर. नखाएवढी पाती, टोकं, चंद्रकोरी. दगड बहुतेक कॅल्सेडनी, अकीक, जास्पर. दख्खनच्या लाव्हातल्या बुडबुड्यांच्या पोकळ्यांत सिलिका साचून असे दगड झाले, आणि तो लाव्हा महाराष्ट्रभर पसरलाय. एकाच गारगोटीच्या दोन टोकांना अशुद्धी वेगवेगळी. मग ओळखीचा ठसा घ्यायचा तरी कुठल्या टोकाचा?

चुटपुट लागते ती वेगळ्याच गोष्टीची. जुहूच्या उत्तरेला मढ-मनोरीकडे रायोलाइट आहे. ज्वालाकाच बनते ती त्याच जातीच्या लाव्हाची. पण सहा कोटी वर्षांत काच काच राहत नाही, पाणी शोषून तिचे स्फटिक होतात.

म्हणून ही बाई चुरा मोजते. एखाद्या प्राचीन ठिकाणी गाभे, छिलके, बारीक चुरा असं सगळं मिळालं, तर हत्यारं तिथेच घडली. नुसती तयार पाती मिळाली, तर ती दुसरीकडे घडून आली असण्याची शक्यता मोठी. देवघेवीचा माग असा केरातूनही लागतो, आणि खरं सांगायचं तर मला तो त्या यंत्रापेक्षा जास्त पटला. पण त्यासाठी एक पातं काढताना केर किती पडतो, ते आधी ठाऊक हवं. तेच ती गच्चीवर शोधते.

चुरा ती समुद्रावर टाकत नाही. उद्या कुणाला वाळूत सापडला तर अश्मयुग समजून बसायचे! मोठ्या छिलक्यांवर शाईने तारीख, बाकीचा माल चाळून, तोलून पिशवीत. त्या दिवशी वजन गारगोटीच्या मूळ वजनापेक्षा तीन ग्रॅम कमी भरलं. तिने ताडपत्री झटकली, चामडं झटकलं, मग माझ्याकडे वळली.

"काका, बुटांचे तळवे दाखवा."

दीड ग्रॅम तिथे निघालं.