हे घुबड एआयनं बनवलेलं नाही! 3,200 वर्षांपूर्वीचं चिनी भांडं समजून घेऊया

परवा स्क्रोल करताना एका काशाच्या घुबडाचा फोटो दिसला. गोल डोळे, डोक्यावर तुरे, अंगभर साप आणि नक्षी. मी लगेच ठरवून टाकलं, हे एआयचंच काम! मित्राला तसं कळवायच्या आधी फोटो गूगल लेन्सवर टाकला आणि तोंडघशी पडलो. घुबड अगदी खरं आहे.

हे नेमकं काय आहे?

ही मूर्ती नाही, मद्य ठेवायचं भांडं आहे. चिनी भाषेत अशा भांड्याला 'झुन' म्हणतात. 1976 मध्ये चीनमधल्या आन्यांगला एक न लुटलेली कबर सापडली. तिथं या घुबडांची जोडीच होती. भांड्यांवर 'फू हाओ' हे नाव होतं, त्यामुळे कबर कुणाची ते कळलं. फू हाओ ही शांग घराण्यातल्या वू दिंग राजाची राणी. ती सैन्य घेऊन लढाईवर जायची, हे त्या काळच्या हाडांवर कोरलेल्या मजकुरातून समजतं.

घुबडाचं भांडं कसं होतं?

डोक्याचा मागचा भाग म्हणजे झाकण. पाठीमागे धरायला कान. दोन पाय आणि जमिनीला टेकलेली शेपटी मिळून तिवई होते, म्हणून साधारण 46 सेंटिमीटर उंचीचं हे जड भांडं डगमगत नाही.

बनवलं कसं?

1. आधी मातीचा नमुना.
2. त्यावर ओली माती दाबून साचा घ्यायचा, तो तुकड्यांत कापून काढायचा आणि भाजायचा.
3. साचे पुन्हा जोडून आत मातीचा गाभा बसवायचा.
4. मधल्या फटीत तांबं, कथील आणि शिसं यांचा वितळलेला रस ओतायचा.

फट जेवढी, तेवढी भांड्याची जाडी. नक्षीही साच्यातूनच उमटते. आज दिसणारा हिरवा रंग गंजाचा. नवं असताना ते सोनेरी चमकायचं.

आता यातलं एक घुबड चंगचौच्या हनान संग्रहालयात आहे, दुसरं बीजिंगच्या राष्ट्रीय संग्रहालयात.

मी काय शिकलो? खोट्या फोटोला खरं मानणं ही चूक आहेच. पण 'एआय असेल' म्हणून खऱ्या वस्तूवरून पुढे सरकणं हीसुद्धा तेवढीच मोठी चूक. कबरीत तीन हजार वर्षं टिकलेलं नाव मी दोन सेकंदांत पुसून टाकणार होतो. म्हणून निकाल देण्याआधी फोटो एकदा शोधून बघा, आणि संग्रहालयाचं पान सापडलं तर ते वाचा.